कोरड्या पंजांची शाळा

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून दोन दिवस डोकं खाल्लंत, म्हणून सांगतो. मला गोष्टी येत नाहीत. चौथीत शाळा सुटली ती सुटली. मध्येच कुणी "आजोबा, तात्पर्य काय?" असं विचारलं तर मी उठून जाईन, मग बसा एकमेकांची तोंडं बघत.

नदीकाठचं एक राज्य होतं, आणि त्या राज्यात पाणमांजरांची पिल्लं पाण्याला भीत. हसू नका. पाणमांजर आईच्या पोटातून पोहायला शिकून येत नाही. पाणी दिसलं की पिल्लू अंग चोरतं, मागं सरतं. मग आई त्याची मानगूट धरते, फरफटत काठाला नेते आणि बुडवते. पिल्लू किंचाळतं, नाकातोंडात पाणी जातं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पोहायला लागतं. पिढ्यान्‌पिढ्या हीच शाळा. चांगली होती असं मी म्हणत नाही. मानगुटीवर दातांचा वण नसलेलं पाणमांजर त्या राज्यात शोधून सापडलं नसतं.

मग वरच्या दरबारातून शिळा आली.

सहा कासवांनी ती पाठीवरून आणली आणि वाळूच्या उंचवट्यावर उभी केली. काळी, गुळगुळीत, पाणमांजर मागच्या पायांवर उभं राहिलं तर त्याच्या दुप्पट उंच. पंजा लावला की ती उजळायची आणि आत नदी वाहायला लागायची. माशाला नख लावलं की मासा शेपूट हलवून पळायचा. पाणी पंजानं सरकवत गेलं की नदीपुढं खाडी दिसायची, आणि खाडीपुढं समुद्र, जो त्या राज्यात कुणी पाहिलाच नव्हता. खोटं कशाला बोलू, शिळा चांगली होती. पहिल्या दिवशी तर म्हातारी पाणमांजरं पिल्लांना ढकलून पुढं बसली.

तिची खोड एकच. ओला पंजा लागला की ती आंधळी व्हायची. नदी गप्प, मासे गप्प, सगळं काळं. मग ती वाळेपर्यंत अर्धा दिवस जायचा, आणि तोवर तिच्यासमोर कुणी थांबायचं नाही.

आता पाणमांजरांच्या राज्यात कोरडा पंजा आणायचा कुठून? दरबारानं तोड काढली. शिकवणारी पाणमांजरं वेगळी तयार करायची. तरणीताठी निवडली आणि चार महिने नदीपासून लांब, माळावर नेऊन ठेवली. तिथं ती काय शिकली? वाळूत लोळून अंग कसं सुकवायचं. दव उडाल्याशिवाय बिळाबाहेर पडायचं नाही. पाणी प्यायचं ते पानाच्या द्रोणातून, पंजा न भिजवता. शेवटची परीक्षा राखेची. पळसाच्या पानावर राख पसरायची, तिच्यावर पंजा टेकवायचा आणि उचलायचा. राख चिकटली की नापास.

पोहायला शिकवणाऱ्यांची ही परीक्षा.

त्या माळावरून लव्ही नावाची एक तरणी पाणमांजरीण खाली आली. सात पिल्लं तिच्या ताब्यात दिली. पावसाआधी तपासणी होणार होती. त्यात पास झाली तर जांभळीखालचा डोह तिच्या नावाचा, कायमचा, आणि तिथं जन्मणारं प्रत्येक पिल्लू तिच्या हाताखालचं. नापास झाली तर पुन्हा आईबरोबर चिखलात खेकडे धरायचे. आईनं त्या डोहाचं आधीच सगळ्या काठाला सांगून ठेवलं होतं. आयांच्या पोटात असल्या गोष्टी राहत नाहीत.

लव्ही जीव तोडून शिकवायची. महिनाभरात पिल्लांना भोवऱ्यांचे नऊ प्रकार यायला लागले. कुठला मासा कुठल्या कपारीत बसतो ते ती झोपेतसुद्धा सांगत. पण नख कुणाचं भिजलं नव्हतं. भिजवायला परवानगीच नव्हती. शिळा आंधळी झाली असती ना.

त्या सातांत भुंडी म्हणून एक होती. शेपटीचा शेंडा घुशीनं तोडलेला, म्हणून भुंडी. एके सकाळी लव्ही समुद्र दाखवत असताना ही उठली आणि शिळेच्या मागं चालली.

"ए, कुठं निघालीस गं?"

"नदी कुठून येते ते बघून येते."

मग मागून भुंडी ओरडली, "बाई, इकडं नदी नाहीच! एक कोळी आहे."

झालं. उरलेली सहाही कोळी बघायला उठली. लव्ही एकाला ओढून पुढं आणी, तोवर दोन मागं पळत. शिळेतला समुद्र एकटाच उसळत राहिला, त्याच्याकडं बघायला कुणी नव्हतं. कोळी बघून झाला, तशी पिल्लांनी शिळेच्या पाठीला नाकं लावली, आणि त्यांना एक शोध लागला. शिळा गरम होती.

"म्हणजे नदी गरम असते," भुंडीनं जाहीर केलं.

"नाही गं बाळा, नदी गार असते."

"किती गार?"

लव्हीनं शिळेला विचारून बघितलं. शिळेनं निळंशार पाणी दाखवलं, कड्यांवर बर्फही काढून दाखवलं. भुंडीनं त्या बर्फावर पंजा ठेवला.

"हे पण गरमच आहे. बाई, तुम्ही कधी गेलाय का नदीत?"

"गेलेय की. लहानपणी. आईनं बुडवलं होतं."

"मग किती गार होती?"

"उद्या सांगते," लव्ही म्हणाली. "बसा आता जागेवर."

गंमत बघा. तिला खरंच आठवेना. मानगूट दुखलेली आठवत होती, आपण किंचाळलो ते आठवत होतं. पाणी मात्र आठवत नव्हतं.

पिल्लं घरी गेल्यावर ती वरची वाट सोडून काठाकडं उतरली. तिथं एका खडकावर कातळ्या म्हणून एक म्हातारं पाणमांजर खेकडा फोडत बसलं होतं. ती पाण्यापासून चार हातांवर थांबली.

"तात्या, पाणी किती गार असतं हो?"

कातळ्यानं नांगी मोडली, चोखली, मग तिच्याकडं बघितलं. "चार महिने शिकून आलीस ना गं तू? एवढंच राहिलं वाटतं शिकवायचं."

"थट्टा नको. पोरं विचारतात."

"मग घाल पंजा. नदी काय लाजतीय तुला?"

"उद्या तपासणी आहे. राखेची."

"अस्सं," म्हातारा म्हणाला. "मग राखेलाच विचार."

लव्ही चार हातांवरूनच परत फिरली.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. पाणकावळा. ओंडक्यावर बसले आणि दोन्ही पंख पसरून वाळत घातले. आयुष्यात त्यांनी मोजून दोन बुड्या मारल्या होत्या, त्याही उमेदवारीत असताना. पंख मात्र अजून वाळवत होते. लोकांना वाटे, काय राबतो हा गडी.

आधी राख. लव्हीनं पळसाच्या पानावर पंजा टेकवला आणि उचलला. एक कण चिकटला नव्हता. मग शिळेवरचा धडा. पिल्लांनी नऊ भोवरे धडाधड सांगितले, कपारी सांगितल्या, समुद्र सांगितला. बोरीच्या झुडपाआड लव्हीची आई लपून बसली होती, तिला आनंदानं शिंका यायला लागल्या.

पाणकावळ्याला वाटलं, आपणही एक प्रश्न विचारावा. साहेब आले म्हटल्यावर विचारावाच लागतो.

"सांगा बघू, नदी कशी असते?"

"गरम!" सात जणांनी एका सुरात सांगितलं.

पाणकावळ्यानं मान तिरकी केली. नदीकडं बघितलं. आठवायचा प्रयत्न केला असावा. मग पुढं वाकून चोच शिळेला टेकवली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि म्हणाला, "बरोबर. छान तयारी आहे. जांभळीखालचा डोह तुम्हाला दिला."

बोरीच्या झुडपात धडपड झाली. पिल्लांना वाटलं आता सुट्टी, ती उड्या मारायला लागली. भुंडी तेवढी जागची हलली नाही.

"बाई, काल तर तुम्ही गार म्हणालात. आज सांगणार होतात किती ते."

लव्हीनं मान वळवली. वळणावरची जांभूळ तिथून दिसत होती, तिच्या सावलीतलं हिरवं पाणीही. एक शब्द बोलायची गरज नव्हती. साहेब म्हणाले बरोबर, म्हणजे बरोबर. डोह मिळाला होता. तिनं भुंडीकडं बघितलं. त्या पिल्लाला खरंच काही दुसरं नको होतं, फक्त किती ते हवं होतं.

"साहेब, आलेच मी," लव्ही म्हणाली आणि उतारावरून चालू लागली. काठ आला तरी थांबली नाही. आधी पंजे गेले, मग पोट, मग कान. नदीनं तिला एकदा खाली घेतलं आणि वर सोडलं.

"अगं आई गं!" ती ओरडली, पण भिऊन नव्हे. तशीच निथळत, धापा टाकत वर पळत आली आणि पिल्लांच्या मध्ये उभी राहिली. "एवढी," ती म्हणाली. "हात लावून बघा."

पिल्लं आधी मागं सरली. मग भुंडीनं नाक पुढं केलं आणि लव्हीच्या ओल्या पोटाला टेकवलं.

"ईऽऽऽ!"

तिनं नाक मागं घेतलं, चाटलं, पुन्हा टेकवलं. मग सगळीच तुटून पडली. कुणी पंजा चेपून बघे, कुणी कानातून ठिबकणारं पाणी जिभेवर घेई.

"बाई, हे अजून आहे का?" भुंडीनं विचारलं.

"तिकडं आहे."

पिल्लं निघाली. एक पंजा पाण्यात, दोन पावलं मागं. पुन्हा एक पंजा. मग दोन. कुणी कुणाला धरलं नव्हतं. बोरीआडून बाहेर आलेली आई दात तयार ठेवून उभी होती, पण तिला फरफटत न्यायला मानगूटच सापडेना; ती सातही पाण्याकडं तोंड करून पुढं पुढं सरकत होती. पहिली भुंडी गेली. गटांगळी खाल्ली, वर आली, शिंकली आणि ओरडली, "लई गार!" मग बाकीची गेली.

पाणकावळ्यानं पळसाचं पान लव्हीच्या पंजाखाली सरकवलं. पंजा उचलला तेव्हा तो कोपरापर्यंत करडा झाला होता.

"पंजा ओला," पाणकावळा म्हणाला. "डोह रद्द."

आई मटकन खाली बसली. लव्हीनं राखेचा पंजा बघितला. "बरं," ती म्हणाली. तिचं अर्धं लक्ष पाण्यात होतं. ती डोकी मोजत होती, आणि सात भरली की पुन्हा पहिल्यापासून मोजत होती.

थोड्या वेळानं पिल्लं कुडकुडत बाहेर आली आणि थेट शिळेकडं धावली. शिळेला गार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं, तर आता आपण सांगू, असं त्यांचं ठरलं होतं. त्यांनी चौदा ओले पंजे तिच्यावर दाबले. शिळा आंधळी झाली. आतली नदी गेली, मासे गेले, समुद्र गेला, नुसती काळी काच राहिली. या वेळी मात्र पिल्लं तिथून हलली नाहीत.

त्या काळ्यात काहीतरी हलत होतं. निथळणारी सात लहान तोंडं होती. त्यांच्यामागं एक मोठी, करड्या पंजाची. बाजूला ओंडक्यावर पसरलेले दोन पंख. आणि या सगळ्यांच्या पाठीमागं, उन्हात चमकत, नदी वाहत होती.

भुंडी काचेच्या अगदी जवळ गेली.

"बाई," तिनं विचारलं, "यातली मी कुठली?"

संपली. शाळेचा शिपाई म्हणून तीस वर्षं खडूचा फळा पुसला तसाच ओल्या फडक्यानं तो नवा, बोट लावलं की उजळणारा फळाही पुसला आणि तो बंद पडला, म्हणून सगळ्या पोरांसमोर मला अडाणी म्हणणाऱ्यानं अजून माफी मागितलेली नाही. त्याचं नाव मुकुंद सोनवलकर, आमचा हेडमास्तर.