म्हातारदेव बोलत नाही

चपला बाहेर काढा आणि ती मूर्ती नीट बघा. दोन्ही खांद्यांवर एकेक पाकळी चिकटलेली दिसते ना? सकाळी मीच लावल्या. हा आमचा म्हातारदेव. पूर्वी तो बोलायचा. गुरव ओल्या पाकळ्या लावून त्याच्याकडे कौल मागायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न असो की भांडण, त्याच्या शब्दाबाहेर गावचा खोतसुद्धा जात नसे, असं सांगतात.

बाहेरच्या त्या उघड्या माळावर तेव्हा राई होती, म्हणे. ऐन, किंजळ, सातवीण. भर दुपारी दिवा लावावा इतकी दाट. तिच्या पोटातून झरा यायचा. राई देवाची, म्हणून वाळकी काटकीही कुणी उचलत नसे.

मग शेजारच्या गावाने आपल्या देवाला लाकडी खांबांचं देऊळ बांधलं, आणि आमच्यांच्या पोटात दुखू लागलं. विसाजी खोत म्हणाला, राई तोडू, त्याहून मोठं बांधू. सोमा गुरवाने कौल लावला. डावी पडली. पुन्हा लावला. पुन्हा डावी.

"परत इचार," खोत म्हणाला. "देवाक घर नको आसा काय?"

सगळा गाव खोताच्या मागे. पूजेचा मान काढून घेऊ, असंही सुनावलं. सोमा घाबरला. या खेपेला त्याने उजवी पाकळी धोतराला पुसून जेमतेम टेकवली. ती लगेच पडली. गावाने ढोल वाजवले.

घरी त्याने बायकोला, आवडीला, खरं ते सांगितलं. ती म्हणे एवढंच बोलली, "देवाच्या तोंडान तुमी बोललात. आता देव कित्याक बोलतलो?"

हेच ते देऊळ. खांब त्याच राईचे. दुसऱ्या उन्हाळ्यात झरा आटला. पाणी परत येईल का, म्हणून सोमाने कौल लावला. एकही पाकळी पडली नाही. मरेपर्यंत तो विचारत राहिला.

आजही पडत नाही. मी सोमाच्याच वंशातला. रोज लावतो, संध्याकाळी वाळलेल्या खरवडून काढतो. समोरच्या डोंगरावर खाण यायची होती, तेव्हा मीच म्हटलं, देवाला विचारू. पुढारी हात जोडून उभे राहिले. पाकळ्या हलल्या नाहीत. मग एकाने जाहीर केलं, देव नाही म्हणाला नाही, म्हणजे त्याची हरकत नाही. लगेच ढोल सुरू झाले. मी ओरडत होतो, पण ढोलापुढे कोण ऐकतंय?

मला देवाचा राग येत नाही. त्याने तरी किती वेळा नाही म्हणायचं? तो लाल धुरळा दिसतोय ना, तिथे डोंगर होता.