काझीचा खांदा

फार वर्षांपूर्वी, खाडीत शिडाची गलबतं यायची तेव्हा, खारबेटात काझी शहाबुद्दीन होते. त्यांचा शब्द गाव मानायचं. पण त्यांना गुडगुडीचा नाद होता. तंबाखूबद्दल कोणी विचारलं की म्हणायचे, "मकरूह आहे. म्हणजे नावडती. हराम नव्हे." आणि नळी तोंडाला लावायचे.

एका साली गावातली माणसं हज करून परतली. त्यांत हाजी याकूब होता. तिकडच्या आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, तंबाखू हराम ठरवली, असं त्याने मशिदीत सांगितलं. गाव दुभंगलं. एकमेकांच्या ओटीवर पाणी पिणं बंद झालं.

त्यातच हसनमियां वारला. हसनमियां तंबाखूचा व्यापारी. सकाळी गेला, दुपार झाली, जनाजा अंगणातच.

याकूब म्हणाला, "ज्याचा धंदा हराम, त्याला आम्ही खांदा देणार नाही."

ओढणाऱ्यांचा म्होरक्या महमूद म्हणाला, "हाजी, परवापरवापर्यंत माझ्याच चिलमीला तोंड लावत होतास. आधी शब्द मागे घे. तोवर आम्हीही उचलणार नाही."

दोन्हीकडचे हटून बसले. हसनमियांची बायको मरियमबी उंबऱ्यात आली.

"काझीसाहेब, वाद उद्या घाला. माझ्या माणसाला आज माती द्या."

काझी उठले. कब्रस्तान टेकडीवर. गुडगुडीने त्यांची छाती पोखरली होती, ती चढण ते वाटेत बसत बसत चढायचे. याकूबला म्हणाले, "तू देऊ नकोस. पण उद्या तुला कोण देईल, ते आजच ठरवून ठेव."

मग त्यांनी एकट्याने पुढच्या दांड्याला खांदा लावला. असं म्हणतात, जनाजा उचलला गेला. उरलेल्या तीन कोपऱ्यांना कोणी नव्हतं, तरी तो पाण्यावरच्या होडीसारखा सरळ राहिला.

काझी चढू लागले. छातीचा आवाज खाली ऐकू येत होता. अर्ध्या चढणीवर त्यांचा पाय डळमळला. तेव्हा याकूब धावला. महमूदही धावला. दोघांनी मागचे दांडे धरले. उरलेल्या कोपऱ्याखाली सगळं गाव शिरलं. असं म्हणतात, जनाजा जड झाला तो तेव्हा. माणसं आली, तसं त्याने आपलं वजन त्यांना दिलं.

नमाज झाली, माती दिली. याकूब म्हणाला, "आता सांगा. हराम की नाही?"

काझी कबरीशेजारीच बसले होते. दम परत यायला वेळ लागला.

"आलिमांत मतभेद आहेत. कोणी मुबाह, म्हणजे मोकळीक असलेली, म्हणतात, कोणी मकरूह, कोणी हराम. मला सोयीचं ते मी धरलं. अल्लाहचा हुकूम आहे, आपल्याच हातांनी स्वतःला नाशात लोटू नका. आज चढणीवर तो माझ्या छातीने मला वाचून दाखवला. आजपासून मी हराम मानतो."

याकूब हसला.

"हसू नकोस," काझी म्हणाले. "ओढणारा गुन्हेगार असेल, पण तो तुझा भाऊ आहे. त्याला माती देणं गावावर फर्ज आहे. तंबाखूवर मतं अनेक असतील. यावर दुसरं मत नाही."

घरी जाऊन त्यांनी गुडगुडी फोडली. महमूदने चिलीम मात्र सोडली नाही. मशिदीत शिरण्याआधी चूळ भरायला लागला, एवढंच. काझी म्हणाले, "चालेल. सुरुवात आहे." मरियमबीने उरलेली तंबाखू पाण्यात उकळून परसातल्या वांग्यांवर शिंपडली. त्या साली तिचं एकही वांगं किडलं नाही, असं म्हणतात. पुढे तिने भाजीवरच घर चालवलं. आणि काझी ती टेकडी न बसता चढू लागले.

त्यांना जाऊन पिढ्या लोटल्या. खारबेटात आजही जनाजा उठण्याआधी एकजण विचारतो, "काझीचा खांदा कोणाचा?" मेलेल्याशी ज्याचं बोलणं बंद होतं, तो पुढे येतो आणि पहिला दांडा धरतो. त्याच्याआधी कोणी हात लावत नाही.

ती हाक अजून एकदाही वाया गेलेली नाही.