तहात न लिहिलेला शब्द

फार जुन्या काळी, सात टेकड्यांवर वसलेल्या एका बलाढ्य नगरात एक म्हातारा पुरोहित राहत असे. परक्या राज्याशी तह ठरला की नगराच्या वतीनं शपथ घ्यायला त्यालाच पाठवत. हातात गारगोटी धरून तो म्हणे, "आम्ही हा तह कपटानं मोडला, तर देवा, मी हा दगड फेकतो तसं तू आम्हाला फेकून दे." चाळीस वर्षं दूरदूरचे लोक त्याच्या शब्दावर विसंबून होते.

एकदा नगराच्या राजानं समुद्राकाठच्या एका व्यापारी शहरावर फौज नेली. शहरातले लोक लढाईला विटले होते. त्यांनी तह मागितला. राजानं कळवलं, सगळी शस्त्रं आणून द्या, म्हणजे तुमची प्रजा, तुमचे कायदे आणि तुमची शेतं सुरक्षित राहतील.

पुरोहितानं मसुदा दोनदा वाचला. त्यात प्रजा होती, कायदे होते, शेतं होती. शहराचा उल्लेख मात्र कुठंच नव्हता. त्यानं राजाला विचारलं, तेव्हा राजा शांतपणे म्हणाला, "लिहिलंय त्यातलं एक अक्षरही आपण मोडणार नाही. तुम्हाला खोटं बोलावं लागत नाही."

हे खरंच होतं. पुरोहितानं त्या खरेपणाचा आधार घेतला आणि शपथेला उभा राहिला. शहराच्या वृद्ध प्रमुखानं मसुदा उघडलासुद्धा नाही.

"शपथ तुम्ही घेताय ना? मग वाचायचं कशाला?" तो म्हणाला.

पुरोहित काही बोलला नाही.

तीन दिवस गाड्या भरभरून तलवारी, ढाली, धनुष्यं येत राहिली. चौथ्या दिवशी राजानं हुकूम सोडला, की प्रजेनं समुद्रापासून दहा कोस आत जाऊन राहावं, शहर पाडलं जाईल. वृद्ध प्रमुख पुरोहिताकडे आला. त्यानं आवाज चढवला नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

पुरोहितानं मान खाली घातली.

लोकांनी शहर सोडलं नाही. घराघरातलं लाकूड-लोखंड गोळा करून त्यांनी नवी शस्त्रं घडवली. बायकांनी केस कापून धनुष्यांच्या दोऱ्या वळल्या. तीन वर्षं ते झुंजले. शेवटी शहर जळालं, आणि वृद्ध प्रमुख त्यातच गेला.

पुढं काही वर्षांनी उत्तरेकडून परकी टोळधाड सात टेकड्यांवर चालून आली. मदतीसाठी पुरोहिताला डोंगरातल्या लोकांकडे धाडलं. या वेळचा तह सरळ होता, मनापासूनचा होता. त्यांच्या मुखिया बाईनं त्याला आदरानं जेवू घातलं, सगळं ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "बाबा, लिहिलंय ते चांगलं आहे. पण जे लिहिलं नाही, ते आम्हाला कोण सांगणार?"

पुरोहित एकटाच परतला. नगर एकटंच लढलं. वाचलं, पण घरटी एक तरुण गमावून. त्यानंतर पुरोहितानं कधी शपथ घेतली नाही. कुणी कारण विचारलं, तर तो एवढंच सांगे, "मी खोटं बोललो नव्हतो. मी गप्प राहिलो होतो."

तात्पर्य : अक्षर पाळून जो विश्वास मोडतो, त्याच्या खऱ्या शब्दावरही पुढं कुणी भरवसा ठेवत नाही.