शिवूचा दोरा आणि बाबांची सायकल

पडवीपुढे होती एक जास्वंद. जास्वंदीवर राहायची एक पक्षीण. एवढीशी! तुमच्या मुठीत मावेल एवढी. पण मुठीत यायची नाही हं. ती कुठली एका जागी बसायला! तिचं नाव शिवू.

शिवू होती शिंपीण. म्हणजे काय? म्हणजे ती पानं शिवायची. चोच तिची सुई. पान वळवायचं, दोरा ओवायचा, की झालं घरटं.

शिवूला सगळ्याचं नवल. हे काय? ते काय? मान वाकडी करायची आणि विचारायची, "का बरं? का बरं?"

शिवूचं घरटं अर्धं झालं होतं. अर्धं राहिलं होतं. आणि अंडी यायची होती. लवकरच! अर्ध्या घरट्यात अंडी राहतात का? छे! टपकन खाली पडतात.

मग शिवूला सापडला एक दोरा. लाल लाल. लांब लांब. शिवू खूश! दोरा घेऊन ती पडवीत टेकली. जरा दम घ्यावा म्हणून दोरा खाली ठेवला.

पडवीत होती एक खुर्ची. खुर्चीत होते बाबा. बाबांच्या मांडीवर होता डबा. डब्यात होती शेव. कुर्रुम कुर्रुम, कुर्रुम कुर्रुम.

शेजारी भिंतीला टेकून होती सायकल. सायकलवर काय होतं? टॉवेल! वाळत घातलेला.

आतून आई म्हणाली, "अहो, टॉवेल वाळला असेल. काढा बघू."

"हो हो, काढतो," बाबा म्हणाले.

पण उठले का? नाव नको! बसल्या बसल्या हात लांब केला. टॉवेलाचं टोक धरलं. ओढलं. सुर्रर्र! सायकल डुगडुगली. चाक हललं. आणि बसलं. कुठे? शिवूच्या दोऱ्यावर!

शिवूने दोरा ओढला. सुटेना. पुन्हा ओढला. सुटेना. तुम्ही म्हणाल, दुसरा आण. अहो, असा दोरा रोज थोडाच सापडतो!

टुण टुण टुण. शिवू गेली सायकलकडे.

"सायकलबाई, सायकलबाई, सरका ना! दोरा सुटेना. घरटं होईना!"

सायकल म्हणाली, "मी नाही सरकत."

"का बरं? का बरं?"

"चाकात हवा नाही. दसऱ्याला मला हार घालतात. मग वर्षभर टॉवेल घालतात. पंप हवा भरेल, तर मी सरकेन."

टुण टुण टुण. शिवू गेली पंपाकडे. पंप होता कोपऱ्यात. धुळीत.

"पंपभाऊ, पंपभाऊ, हवा भरा ना! सायकल सरकेना. दोरा सुटेना. घरटं होईना!"

पंप म्हणाला, "मी नाही हवा भरत."

"का बरं? का बरं?"

"मला कोणी दाबत नाही. बाबा वाकतील, तर मी हवा भरेन."

टुण टुण टुण. शिवू गेली बाबांकडे.

"बाबा, बाबा, वाका ना! पंप हवा भरेना. सायकल सरकेना. दोरा सुटेना. घरटं होईना!"

बाबा म्हणाले, "मी नाही गं वाकत."

"का बरं? का बरं?"

"पोट मध्ये येतं. पोट आत जाईल, तर मी वाकेन."

असं म्हणून बाबांनी डोळे मिटले. घुर्रर्र!

टुण टुण टुण. शिवू चढली पोटावर. पोट वर गेलं. पोट खाली आलं. शिवू वर गेली. शिवू खाली आली. गंमतच! पण गंमत करायला वेळ कुठे होता?

"पोटोबा, पोटोबा, आत जा ना! बाबा वाकेनात. पंप हवा भरेना. सायकल सरकेना. दोरा सुटेना. घरटं होईना!"

पोट म्हणालं, "मी नाही आत जात."

"का बरं? का बरं?"

"वरून सारखी शेव येते. डबा बंद होईल, तर मी आत जाईन."

टुण टुण टुण. शिवू बसली डब्याच्या काठावर. ठण्ण!

"डबूराव, डबूराव, बंद व्हा ना! पोट आत जाईना. बाबा वाकेनात. पंप हवा भरेना. सायकल सरकेना. दोरा सुटेना. घरटं होईना!"

डबा म्हणाला, "मी नाही बंद होत."

"का बरं? का बरं?"

"हात सारखा आत येतो. बघ, बघ, आला! हात थांबेल, तर मी बंद होईन."

खरंच की! बाबा झोपले होते, पण हात जागाच होता. डब्यात जायचा. तोंडाकडे जायचा. कुर्रुम कुर्रुम.

टुण टुण टुण. शिवू बसली हातावर.

"हातदादा, हातदादा, थांबा ना! डबा बंद होईना. पोट आत जाईना. बाबा वाकेनात. पंप हवा भरेना. सायकल सरकेना. दोरा सुटेना. घरटं होईना!"

हात म्हणाला, "मी नाही थांबत."

"का बरं? का बरं? भूक लागलीय?"

"भूक? छे गं! बसून बसून कंटाळा आलाय. दुसरं काय करू? पाय उठतील, तर मी थांबेन."

टुण टुण टुण. शिवू उतरली खाली. तिथे होते दोन पाय. लांब पसरलेले. अंगठे वर.

"पायांनो, पायांनो, उठा ना! हात थांबेना. डबा बंद होईना. पोट आत जाईना. बाबा वाकेनात. पंप हवा भरेना. सायकल सरकेना. दोरा सुटेना. घरटं होईना!"

पाय म्हणाले, "आम्ही नाही उठत."

"का बरं? का बरं?"

"आमच्यात जोर नाही. सायकल चालवली की जोर येतो म्हणे. सायकल सरकेल, तर आम्ही उठू."

"हात्तिच्या! सायकल ना? ती माझ्या ओळखीची आहे."

टुण टुण टुण. शिवू गेली सायकलकडे.

"सायकलबाई, सायकलबाई, सरका ना! पाय उठेनात. हात थांबेना. डबा बंद होईना. पोट आत जाईना. बाबा वाकेनात. पंप हवा भरेना. सायकल सरकेना..."

शिवू थांबली. मान वाकडी केली.

"सायकल सरकेना? पण सायकल तर तुम्हीच!"

"हो, मीच," सायकल म्हणाली. "सांगितलं ना मघाशी? पंप हवा भरेल, तर मी सरकेन."

शिवूने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. सायकल थांबलीय पंपासाठी. पंप थांबलाय बाबांसाठी. बाबा थांबलेत पोटासाठी. पोट थांबलंय डब्यासाठी. डबा थांबलाय हातासाठी. हात थांबलाय पायांसाठी. आणि पाय? पाय थांबलेत सायकलसाठी!

"अगं बाई! म्हणजे सगळे थांबलेत! मग सुरू कोण करणार?"

पडवीत नुसतं घुर्रर्र.

शिवूला रडू आलं. तिने जास्वंदीकडे पाहिलं. अर्धं घरटं वाऱ्यावर हलत होतं. एक टाका होता. दुसरा टाका होता. तिसरा टाका होता. पुढे काहीच नव्हतं.

शिवू रडता रडता थांबली. मान वाकडी केली. डोळे लुकलुकले.

टुण टुण टुण! शिवू गेली पायांकडे.

"पायांनो, पायांनो, मी घरटं कसं शिवते, माहीत आहे?"

"नाही बुवा. कसं?"

"आधी एक टाका घालते."

"मग?"

"मग आणखी एक."

"आणि सगळं घरटं?"

"सगळ्याचं मी बघतच नाही. एकच टाका बघते. तुम्ही पण एकच पाऊल टाका."

"एकच?" उजवा पाय म्हणाला.

"एकच?" डावा पाय म्हणाला.

"एकच."

"मग पुन्हा बसायचं?"

"बसा की! मी कुठे नाही म्हणते?"

पायांना नवल वाटलं. एकच पाऊल! बघू तरी कसं असतं ते. उजव्या पायाने बोटं हलवली. डाव्या पायाने बोटं हलवली. एक... दोन... हुप्प!

पाय उठले.

बाबांनी डोळे उघडले. "अरेच्चा! मी उभा कसा?"

पाय उठले, म्हणून हात थांबला. त्याने डबा खाली ठेवला.

हात थांबला, म्हणून डबा बंद झाला. टप्प!

डबा बंद झाला, म्हणून पोट आत गेलं. किती? मोहरीएवढं. पण गेलं!

पोट आत गेलं, म्हणून बाबा वाकले. किती? अर्धेच. पण पंपाची मूठ हाताला लागली!

"टुविट! टुविट!" शिवू ओरडली. "दाबा, बाबा! एकदाच!"

"एकदाच ना? बरं बाई."

बाबा वाकले, म्हणून पंपाने हवा भरली. फुस्स!

सायकल सरकली का? नाही.

"आणखी एकदाच," शिवू म्हणाली.

फुस्स!

सरकली? नाही. पण चाक जरा फुगलं. बाबांनी वाकून पाहिलं. "अरे वा! फुगतंय की! आणखी केलं तर काय होईल?"

फुस्स! फुस्स! हुश्श! बाबांना धाप लागली. बाबा थांबले. घटाघटा पाणी प्यायले. कपाळ पुसलं.

"बसायचं का आता?" पायांनी विचारलं.

"थांबा रे जरा," बाबा म्हणाले. "मला बघायचंय."

फुस्स! फुस्स! फुस्स! चाक झालं टम्म!

पंपाने हवा भरली, म्हणून सायकल सरकली. कर्रर्र! कुईं कुईं!

सायकल सरकली, म्हणून दोरा सुटला. भुर्रर्र! शिवूने दोरा उचलला. उडाली जास्वंदीवर. एक टाका. आणखी एक टाका. आणखी एक.

घरटं झालं! छान गोल. छान खोल. आत बसून शिवूने अंग फुगवलं. आता माझी अंडी पडणार नाहीत, म्हणाली. आणि मनापासून हसली.

आणि बाबा?

बाबा सायकल धरून उभे होते. आता हिचं काय करायचं? बाबांनी मान वाकडी केली. अगदी शिवूसारखी.

"फाटकापर्यंत जाऊन बघू का?"

गेले. वाकडे वाकडे गेले. पण गेले! आई दारात आली. तिच्या हातात ओला टॉवेल.

"अहो, आता हा कुठे वाळत घालू?"

"दोरीवर घाल," बाबा म्हणाले. "सायकल माझी आहे."

पहिल्या दिवशी फाटक. दुसऱ्या दिवशी पिठाची गिरणी. तिसऱ्या दिवशी बाबा लवकर उठले. ओढ्याचा पूल कुठे आहे ते बघायला गेले. येताना मुळा आणला. पाल्यासकट! घरी आले तर पोटात कावळे कावकाव. बाबांनी भाकरी खाल्ली. मुळा खाल्ला. करकर करकर.

शेवेचा डबा रिकामा झाला. आईने त्यात फुटाणे भरले.

"पायांनो, जोर आला का?" शिवू विचारायची.

"एवढासा आला," उजवा पाय म्हणायचा.

"मला थोडा जास्त आला," डावा पाय म्हणायचा. मग दोघांचं भांडण.

जास्वंदीवर एक अंडं आलं. दुसरं अंडं आलं. तिसरं अंडं आलं. एकही पडलं नाही.

मग एके दिवशी बाबा सायकल घेऊन निघाले. जास्वंदीपाशी आले. पानाच्या आत काय होतं? तीन चोची. मिटलेल्या. सहा डोळे. मिटलेले. आणि दमलेली शिवू. तीही गाढ झोपलेली.

बाबांनी घंटीवर बोट ठेवलं होतं. त्यांनी ते हळूच उचललं.

सायकल हातात धरली. आणि चवड्यांवर, आवाज न करता, फाटकाबाहेर गेले.