सात दालनांतली एक सनद

"सनद दाखवा, नाहीतर तळं सोडा!" मल्लदेव महाराजांनी फर्मावलं. "परवा सूर्य मावळला की माझे हत्ती त्यात डुंबायला उतरणार!"

कोंडाजी कुंभाराचा चेहरा पांढराफटक पडला. गावाबाहेरच्या त्या तळ्याची माती म्हणजे चाळीस कुंभारघरांची भाकरी. हत्ती उतरले की मातीचा नुसता राडा, आणि चाकं कायमची बंद!

"महाराज, सनद तुमच्याच दप्तरात आहे. तुमच्या पणजोबांनी आमच्या पणज्याला दिली आन् हितंच ठेवून घेतली."

"मग काढा की! माझ्या दप्तरातून सुईसुद्धा हरवत नाही!"

महाराज एकदा असं बोलले की बोलले. हट्टाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा त्रिभुवनात नव्हता.

आता हे दप्तर म्हणजे काय प्रकरण होतं, ते ऐका. एकात एक अशी सात दालनं. दालनात खोल्या, खोल्यांत पेट्या, पेट्यांत कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यांना म्हणायचं रुमाल. मोठ्या रुमालात पुन्हा छोटे रुमाल! दालनादालनात कारकून बसलेले. आणि दंडक असा, की बाहेरच्यानं उंबरा ओलांडायचा नाही. दारात उभं राहून दिवसाला एकच हुकूम द्यायचा. कारकून तो शब्दाला शब्द पाळणार. स्वतःचं डोकं चालवायला त्यांना सक्त मनाई होती, आणि हा नियम मात्र ते फार आनंदानं पाळत.

पहिल्या दिवशी कोंडाजी दारात उभा राहून ओरडला, "आमच्या तळ्याची सनद आणा!"

पहिल्या दालनातल्या कारकुनांनी आपल्या पेट्या पाहिल्या आणि म्हणाले, "इथं नाही."

"अहो, मग आत बघा की!"

"आत बघा असं कुठं म्हणालात? उद्या या!"

दुसऱ्या दिवशी कोंडाजी शहाणा होऊन आला. "साती दालनांत जिथं जिथं तळ्याचं नाव असंल, त्यो हरेक कागद भाईर आणा!"

आणि कागद आले! राणीसाहेबांच्या जलविहाराचे आले, तळ्यात पडलेल्या म्हशीच्या तंट्याचे आले, कुणा भाटानं तळ्यावर रचलेल्या तीनशे कवनांचे आले. अंगणात कागदांचा डोंगर उभा राहिला. कोंडाजीला अक्षर वाचता येईना आणि वाचणाऱ्याला डोंगर उपसेना. दहावा हिस्साही पाहून झाला नाही तोच सूर्य बुडाला. कोंडाजीनं कपाळाला हात लावला.

"बाबा," त्याची मुलगी सगुणा म्हणाली, "उद्या मी जाते. एवढंच सांगा, आपल्या सनदेवर दुसऱ्या कुठल्या कागदावर नसंल असं काय हाय?"

"पणज्याला सही येत नव्हती. त्यानं वल्या मातीच्या दोन टिकल्यांवर अंगठं उठवलं, भट्टीत भाजलं आन् दोऱ्यानं कागदाला बांधलं. पर त्या दिसायच्या कशा पोरी? लाख गाठी सोडाव्या लागतील!"

"बघायच्या कशाला?" सगुणा हसली. "गिऱ्हाईक मडकं कसं घेतं?"

तिसऱ्या दिवशी गंमत बघायला खुद्द महाराज दप्तराच्या दारात येऊन बसले. हत्ती तळ्याच्या वाटेवर तयार होते. सगुणानं पदर खोचला आणि खणखणीत आवाजात एका दमात हुकूम सोडला:

"हरेकानं हाच हुकूम आपल्या आतल्या दालनाला सांगून, आपल्याकडचा हरेक रुमाल गाठ न सोडता कानाशी हलवायचा, आत काही वाजलं तरच भाईर आणायचा, आन् नाही वाजलं तर हाय तिथं ठेवून गप ऱ्हायचं!"

हुकूम पहिल्या दालनातून दुसऱ्यात गेला, दुसऱ्यातून तिसऱ्यात. सगळं दप्तर खुळखुळा वाजवणाऱ्या बाळासारखं रुमाल हलवू लागलं. दुपार कलली. दारात कागदाचा कपटा आला नाही. कोंडाजी दारासमोर येरझारा घालू लागला.

इतक्यात एक कारकून धावत आला. रुमालात खडखडाट! गाठ सोडली तर आत डिंकाचे लाडू, दगडासारखे टणक!

"हे काय?" महाराज गरजले.

दप्तरदार त्रिंबकपंतांची बोबडी वळली. "माझेच आहेत, महाराज. तीन दिवाळ्या झाल्या, मीही शोधतोय!"

महाराजांनी मिशीआड हसू दाबलं. तेवढ्यात पाचव्या दालनातून दुसरा रुमाल आला. वर लिहिलेलं होतं, 'हत्तींची औषधे'. सगुणानं तो हलवला मात्र, तिचे डोळे चमकले.

"ही पक्की भाजलेली माती! सोडा गाठ!"

आत जुनी सनद निघाली. तिला दोऱ्यानं बांधलेल्या दोन टिकल्या, त्यांवर अंगठे. आणि खाली महाराजांच्या पणजोबांची ठसठशीत मोहोर! कोंडाजीला रडू फुटलं. भर दरबारी लोकांत तो मुलीला जवळ घेऊन रडला.

महाराजांनी सनद दोनदा वाचली. हट्टी खरे, पण शब्दाचे पक्के.

"हत्ती माघारी न्या!" ते म्हणाले. "तळं तुमचं. पोरी, तू माझ्या सबंध दप्तराला कामाला लावलंस. हवं ते बक्षीस माग. आणि ही सनद पुन्हा नीट ठेवून द्या रे!"

सगुणानं झटकन हात जोडले.

"महाराज, बक्षीस एवढंच द्या, ती पुन्हा दप्तरात ठेवू नका!"

मग महाराज असे खदखदून हसले, की डोक्यावरची पगडी कलली. त्यांनी गळ्यातला कंठा काढून सगुणाच्या हातात ठेवला, आणि त्याच दिवशी पाथरवटाला बोलावून सनदेचा शब्द न् शब्द तळ्याकाठच्या शिळेवर कोरून घेतला.