बुजलेली मोटार

मला लिहायला बसवणाऱ्याचं डोकं एकदा तपासून घ्या. चौथीत शाळा सोडलेला माणूस मी, आणि वाचनालयवाले रोज दारात. "तात्या, येसूची गोष्ट तेवढी लिहून द्या!" देतो. पण कुणी ऱ्हस्वदीर्घ काढलं तर कागद फाडून चुलीत घालीन.

तर नांदळगडच्या महाराजांनी धोंडू बुरुडाचा पाय मोडला. मोटारीनं. संस्थानात आलेली ती पहिलीच मोटार. ती कुठल्या खात्यात घालायची हे दिवाणाला कळेना, म्हणून त्यानं ती पागेत बांधली. हो, बांधली! चाकाला दोर लावून, घोड्यांच्या रांगेत. महाराजांनी तिचं नाव ठेवलं हरणी. दसऱ्याला तिच्यावर झूल चढवली, पुढ्यात हिरवा चारा टाकला. तिनं तोंड लावलं नाही, तर म्हणे नवी आहे, लाजते!

मंगळवारच्या बाजारात महाराज ड्रायव्हरला बाजूला बसवून स्वतः चाक धरून निघाले. वळणावर मोटार रस्ता सोडून सरळ बुरूडआळीत घुसली. धोंडू आपल्या अंगणात सूप विणत बसला होता. सूप राहिलं, पाय गेला. बुरुडाला पाय म्हणजे तिसरा हात. बांबूची पट्टी पायाखाली दाबून धरल्याशिवाय काम होत नाही. बायको मागेच वारलेली. घरात एकटी मुलगी येसू, अठरा वर्षांची, जीभ कोयत्यासारखी.

ती दुसऱ्याच दिवशी दिवाणाकडे गेली. "दिवाणसाहेब, फिर्याद द्यायचीय. काय काय लागतं?"

दिवाणानं पागेचा जुना कायदा काढला. "तीन गोष्टी. एक, तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत यायचं. दोन, ज्याला लागलं त्यानं कुणाच्या आधाराशिवाय स्वतः दरबारात हजर व्हायचं. तीन, चूक हाकणाऱ्याची होती हे दाखवायचं. जनावर आपणहून बुजलं असेल तर चूक कुणाचीच नाही."

"पाय मोडलेला माणूस आधाराशिवाय येणार कसा?"

"नाही आला तर फिर्याद नाही."

"आणि आला तर?"

"मग पाय मोडला कुठं?"

येसूनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं कायदा मिटून बासनात बांधला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच दरबारात उभी राहिली.

"बाप कुठाय तुझा?" महाराजांनी विचारलं.

"खाटेवर. पाय फळ्यांत बांधलाय."

"मग फिर्याद खारीज! आणि ऐक, चूक आमची नव्हतीच. कुणीतरी समोर छत्री उघडली आणि हरणी बुजली. बुजलेल्या जनावराला आम्ही काय करणार? उलट तुझ्या बापाच्या ढोपरानं हरणीचा दिवा फुटला! भरपाई म्हणून त्यानं वर्षभर पागेला टोपल्या फुकट द्यायच्या."

दरबारी खो खो हसले. मेले, पगार हसण्याचाच होता त्यांचा.

येसू मात्र जागची हलली नाही. "दिवा फुटला म्हणजे हरणीला लागलं, नाही का महाराज?"

"लागलं म्हणजे? डोळाच गेला बिचारीचा!"

"आणि ती पागेतलं जनावर?"

"पागेतलं पहिलं!"

येसू दिवाणाकडं वळली. "साहेब, तो कायदा नुसत्या माणसांना आहे, की ज्याला ज्याला लागलं त्या सगळ्यांना?"

दिवाणानं घाम पुसला. "ज्याला लागलं त्याला, असंच लिहिलंय."

"मग दिव्याची भरपाई हवी तर हरणीनंही यावं. कुणाच्या आधाराशिवाय, आपल्या चाकांनी. आज तिसरा दिवस आहे, सूर्य कलायला लागलाय!"

महाराज हट्टी. गादीवर थाप मारून ओरडले, "येईल! का नाही येणार? बोलवा तिला!"

सगळा दरबार पागेपुढं जमला. मोतद्दारानं दोर सोडला आणि जीभ टाळूला लावून चक् चक् केलं. मोटार ढिम्म! दिवाणानं गवताची पेंढी दाखवली. ढिम्म! "ये गं हरणे, ये माझी बाय," म्हणून एक म्हातारा सरदार वाकला, तो त्याची पगडीच खाली पडली. शेवटी ड्रायव्हर हळूच दार उघडून आत चढायला लागला.

"ओ मामा, खाली उतरा!" येसू कडाडली. "माझ्या बाबांना हात लावायचा नाही, मग हिला कसा लावता? मागून ढकलायचं पण नाही!"

तिकडं सूर्य टेकडीवर टेकला. महाराजांचा चेहरा लालबुंद झाला. "अगं मूर्ख पोरी! मोटार कधी आपणहून चालते का? आत बसून कुणीतरी चाक धरावं लागतं, पायानं कळ दाबावी लागते! त्याशिवाय ती तसूभर हलायची नाही!"

"आपणहून हलत नाही?"

"मुळीच नाही!"

"मग आपणहून बुजली कशी, महाराज? आणि मंगळवारी चाक कुणाच्या हातात होतं?"

महाराजांनी आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं, मग येसूकडं बघितलं, आणि असे हसले, असे हसले, की मोटारीलाच टेकावं लागलं. "दिवाणजी, लिहा! चूक आमची! आमच्याच तोंडून वदवून घेतली हिनं!"

"आणि हजर राहण्याचं?" दिवाण पुटपुटला.

"ते कलम काढून टाका! पाय मोडलेल्याकडं ह्यापुढं दिवाणानं चालत जायचं!"

राजवैद्य त्याच संध्याकाळी धोंडूकडं गेला. पाय बरा होईपर्यंत घरचं धान्य कोठारातून, असा हुकूम झाला. येसूला चांदीचे तोडे मिळाले. "आणखी काय पाहिजे?" महाराजांनी विचारलं. ती म्हणाली, "चाक परत ड्रायव्हरच्या हातात द्या." महाराज पुन्हा हसले, आणि दिलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायी बुरूडआळीत गेले आणि भर आळीत धोंडूला म्हणाले, "चुकलो." राजा असून! आणि इथं माझ्या पायावरून फटफटी नेऊन "तात्या, बघून चालत जा" असं वर मलाच ऐकवणारा माणूस वर्ष झालं तरी दारात फिरकलेला नाही. नावच लिहितो, वाचू दे सगळ्यांना: रंगनाथ मेहेत्रे.