न फुटलेला बांध

एकदा एक म्हातारा पाथरवट होता. रणात पडलेल्या माणसांचे वीरगळ घडवणे हे त्याचे काम. त्याची रीत अशी, की दगडाचे वरचे दोन कप्पे तो आधीच कोरून ठेवी. अगदी वर चंद्र-सूर्य, त्याखाली वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा. स्वर्ग काय, सगळ्यांचा सारखाच. खालचा कप्पा मात्र कोरा ठेवायचा. माणूस कसा पडला हे घरच्यांनी येऊन सांगावे, मग जसे घडले तसे त्यात कोरावे.

त्या वर्षी असे कोरे कप्पे पुष्कळ होते. घाटावरच्या राज्याचे आणि घाटाखालच्या राज्याचे युद्ध झाले होते, आणि घाटावरचे राज्य हरले होते. पाथरवट घाटावरचा.

त्याच्याकडे एक तरुण काम शिकत होता. त्याचा थोरला भाऊ खिंडीत पडला होता. आईने त्याचा वीरगळ घडवायला सांगितला होता आणि पौर्णिमेला ती तो न्यायला येणार होती.

"बाबा, दादाचा कप्पा मी भरतो," शिष्य म्हणाला.

"भर."

चार दिवसांनी म्हाताऱ्याने दगड पाहिला. भाऊ घोड्यावर, हातात उपसलेली तलवार, आणि समोर पुरात बुडणारे शत्रूचे हत्ती.

"हा पूर कुठला रे?"

"आला नाही तो, बाबा. यायला हवा होता."

आणि मग सहा महिने गिळून ठेवलेले ते पोराच्या तोंडून बाहेर आले. शत्रू कोरड्या नदीच्या पात्रातून वर चढत होता. वर तलाव होता. शिंग वाजले की बांध फोडायचा, असा हुकूम होता. कुदळ घेऊन बांधावर उभा होता तो हाच.

"शिंग वाजलं. मी कुदळ उचलली. खाली पाहिलं तर पात्राकाठी गोंदा कुंभाराच्या आव्यातून धूर निघत होता. सगळी वस्ती उठून गेली होती. गोंदाच्या घरचे सात जण तेवढे थांबले होते. पेटलेला आवा सोडून कुंभार हलतो का? माझा हात वरच राहिला. बांध फुटला असता तर त्यांचे हत्ती वाहून गेले असते. खिंडीत लढाईच झाली नसती. आज त्यांच्या वेशीवर आपलं निशाण असतं, आणि दादा घरी जेवत असता. आईला हे ठाऊक नाही."

म्हातारा उठला, पहारीने एक कोरा दगड सरकवत त्याने शिष्यापुढे आणला.

"तुझा दगड झालाय छान. आता हा भर."

"हा कुणाचा?"

"गोंदाचा." त्याने दुसरा दगड आणला. "हा त्याच्या बायकोचा." मग तिसरा. चौथा. कंबर धरून, मध्ये थांबत, त्याने सात दगड ओळीने मांडले. शेवटचा हातभर उंचीचा होता.

शिष्य चिडला. "कुंभाराला कुठं वीरगळ असतो, बाबा?"

"नसतो. म्हणून तर तुझ्या त्या युद्धात ते दिसत नाहीत."

"पण गोंदा जिवंत आहे! आता शत्रूच्या छावणीला मडकी पुरवतो मेला!"

"पुरवतो ना." म्हातारा हळूच खाली बसला. "हे बघ पोरा. झालेल्या युद्धात तू फक्त एक बदल केलास. दादाला उठवलंस आणि बाकी सगळं चांगलं ते तिथं नेऊन ठेवलंस. पण त्या युद्धातही बांधावर तूच उभा असतोस. तिथंही तू असाच माझ्याकडे आला असतास आणि म्हणाला असतास, बाबा, हात वरच राहिला असता तर! ज्यात कुणी मेलं नाही असं युद्ध तुझ्या वाट्याला ठेवलेलंच नव्हतं."

शिष्याने हातातली छिन्नी खाली ठेवली. मग त्याने विचारले, "म्हणजे मी केलं ते बरोबर होतं?"

"ते मला विचारू नकोस. माझा लेक त्याच खिंडीत पडलाय. माझ्या तोंडातून बरोबर हा शब्द निघायचा नाही."

शिष्याने पूर तासून काढला. कप्पा दोन बोटे खोल गेला. त्यात त्याने पुन्हा कोरले: भाऊ गुडघ्यावर आलेला, छातीत भाला, आणि कोपऱ्यात एक बांध, त्यावर कुदळ उचलून उभा असलेला माणूस.

पौर्णिमेला आई गाडी घेऊन आली. तिने दगडावरून हात फिरवला. बोट कोपऱ्यात थांबले.

"हा कुदळवाला कोण?"

"मी, आई."

त्याने सगळे सांगितले. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. सांगून झाल्यावर ती गाडीवानाला म्हणाली, "दगडाखाली पेंढा घाल. कोपरे फुटतील." गाडीत बसली. मुलाला चल म्हणाली नाही.

गाडी वळणाआड जाईपर्यंत तो उभा राहिला. म्हातारा त्याच्याजवळ येऊन थांबला, पण ती कधीतरी बोलेल असे त्याने सांगितले नाही, कारण ते त्यालाही ठाऊक नव्हते.

इतक्या महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदा 'असं झालं असतं तर' हे शिष्याच्या मनात आले नाही. आले ते फक्त जे झाले होते तेवढेच. ते आधीपेक्षा जड होते. पण आता डोक्यात दोन युद्धे नव्हती, एकच होते.